आधी घाटाखालच्यांचे धरण, मग बोगदा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून समुद्राला जाणारे पाणी घाटावर उचलून गोदावरी आणि गिरणेच्या खोऱ्यांत सोडण्याच्या योजनांवर आपल्या वृत्तपत्रात सातत्याने छापून येते. नार-पार-गिरणा योजनेला २०२४ साली राज्य सरकारने मंजुरी दिली. खर्च सुमारे ७,००० कोटी रुपये आणि पाणी ९ टीएमसीहून थोडे अधिक (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). दमणगंगा-एकदरे-गोदावरी, दमणगंगा-वैतरणा-गोदावरी ही नावेही आता वाचकांना पाठ झाली असतील. बोगदा किती किलोमीटरचा, उपसा किती मीटरचा, कोणत्या तालुक्याचे किती हेक्टर भिजणार, हे सगळे बातमीत असते. ज्यांच्या डोंगरातून पाणी उचलायचे त्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांच्या वाट्याला काय येणार, हे मात्र शेवटच्या दोन ओळींत उरकलेले असते. कधी त्या दोन ओळीही नसतात. त्या दोन ओळींसाठीच हे पत्र. ते लांबले आहे, पण कृपया काटछाट न करता छापावे ही विनंती.

मी पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. सारी नोकरी नगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कालव्यांवर झाली. सात नंबरचे पाणीअर्ज, शेजपाळी, टेलच्या शेतकऱ्याची तक्रार आणि रात्री कुणीतरी उचललेले गेट, यांतच केस पांढरे झाले. सध्या मुक्काम मुलीकडे, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स या गावी. इथे आल्यापासून मी एकच गोष्ट मन लावून पाहतो आहे, ती म्हणजे इथले पाणी. कारण हा सगळा मुलूख डोंगराला भोक पाडून आणलेल्या पाण्यावर उभा आहे आणि त्या पाण्याचा कारभार एक प्रादेशिक जलसंधारण जिल्हा पाहतो. त्याला सगळे ‘नॉर्दर्न वॉटर’ म्हणतात, आणि पाणी आणणाऱ्या योजनेचे नाव कोलोरॅडो-बिग थॉम्पसन.

आधी भूगोल सांगतो. रॉकी पर्वताची रांग कोलोरॅडोच्या मधून उभी जाते. राज्यातला सुमारे ८० टक्के पाऊस आणि बर्फ रांगेच्या पश्चिमेला पडतो, आणि ८० टक्क्यांहून अधिक माणसे राहतात पूर्वेला. पश्चिमेचे पाणी कोलोरॅडो नदीतून पॅसिफिकच्या दिशेने जाते, पूर्वेचे पाणी मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखाताकडे. आपल्या घाटमाथ्यावरून एक ओहळ अरबी समुद्राकडे आणि शेजारचा बंगालच्या उपसागराकडे जातो, तसेच. फरक इतकाच की आपण सह्याद्री आधी उलट दिशेने फोडला. कोयनेचे पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत सोडतो, आणि कृष्णा लवादाने त्यासाठी ६७.५ टीएमसीची मुभा दिलेली आहे. पूर्वेकडे पाणी आणण्याचा एवढा मोठा घाट आपण आता घालतो आहोत.

पूर्वेच्या शेतकऱ्यांना पाणी हवे होते ते मुख्यतः साखरेच्या बीटासाठी. नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे वाचून आपले घर आठवेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत लव्हलँड, ग्रीली, फोर्ट कॉलिन्स अशा गावोगावी साखर कारखाने उभे राहिले आणि शेती बीटाभोवती फिरू लागली. नद्या इथे बर्फावर वाहतात. मे-जूनमध्ये दुथडी आणि जुलै सरता सरता ओसरलेल्या. बीटाला पाणी लागते ऑगस्ट-सप्टेंबरात. त्यातच १९३० नंतर दुष्काळ पडला आणि पूर्वेची मैदाने धुळीच्या वादळांनी भरली. तेव्हा ग्रीलीच्या काही मंडळींनी जुनी कल्पना पुन्हा काढली, की पश्चिमेचे पाणी पर्वताखालून बोगद्याने आणावे. संपादक महोदय, या मंडळींचे पुढारी होते चार्ल्स हॅन्सन, ‘ग्रीली ट्रिब्यून’ या वृत्तपत्राचे प्रकाशक. आपल्या पत्रातून त्यांनी ही मागणी लावून धरली, पाणीवापरदारांची संघटना बांधली, १९३७ साली राज्याने जलसंधारण जिल्ह्यांचा कायदा केल्यावर त्या कायद्याखालच्या पहिल्या जिल्ह्याचे ते अध्यक्ष झाले, आणि १९५३ साली मरेपर्यंत अध्यक्ष राहिले. ज्या कालव्याच्या काठाने मी सकाळी फिरतो, त्याला त्यांचेच नाव आहे.

पूर्वेच्या मागणीला पश्चिमेचा विरोध होता आणि तो जोरकस होता. अमेरिकी प्रतिनिधिगृहातले पश्चिमेचे सदस्य एडवर्ड टेलर वॉशिंग्टनमध्ये अर्थसंकल्पाच्या समितीवर वजन राखून होते. त्यांचे म्हणणे सरळ होते: जितके एकर-फूट पाणी नेणार, तितके एकर-फूट साठवण आमच्या बाजूला बांधून द्या. (एका एकरावर एक फूट उभे राहील इतके पाणी म्हणजे एकर-फूट, सुमारे १,२३३ घनमीटर.) वाटाघाटी झाल्या, दोन्ही बाजूंनी थोडे सोडले, आणि जे ठरले ते १९३७ साली एका कागदावर उतरले. तो कागद ‘सिनेट दस्तऐवज ८०’ म्हणून ओळखला जातो. कोणते पाणी कधी आणि कोणत्या क्रमाने न्यायचे, पश्चिमेच्या जुन्या हक्कांना कशी झळ पोहोचू द्यायची नाही, हे त्यात लिहिले. आज जवळजवळ नव्वद वर्षांनीही इथले वकील, अभियंते आणि शेतकरी भांडतात तेव्हा त्याच कागदातला परिच्छेद काढून भांडतात.

त्या कागदाप्रमाणे आधी काय बांधले? बोगदा नाही. आधी पश्चिमेच्या बाजूला, ब्लू नदीवर, ग्रीन माउंटन नावाचे धरण बांधायला घेतले. १९३८ साली काम सुरू झाले आणि १९४३ साली पुरे झाले. साठवण आपल्या हिशेबाने साडेसहा टीएमसीहून जास्त. त्यातले ५२,००० एकर-फूट, म्हणजे सव्वादोन टीएमसीच्या आसपास, केवळ भरपाईसाठी राखले. वरच्या बाजूला पाणी पूर्वेकडे वळवल्यामुळे खालच्या जुन्या हक्कदाराला तूट आली, तर ती ग्रीन माउंटनमधून सोडून भरून काढायची. उरलेले १,००,००० एकर-फूट वीज आणि पश्चिमेच्या पुढच्या गरजांसाठी. पूर्वेला बोगद्यातून पहिले पाणी आले ते १९४७ च्या जूनमध्ये. देणाऱ्याचे धरण भरून चार वर्षे झाली, तेव्हा कुठे घेणाऱ्याला पाणी मिळाले. हा क्रम मी आपल्या वाचकांना पुन्हा वाचायला सांगतो.

आणखी एक गोष्ट त्याच १९३७ साली झाली. पश्चिमेच्या लोकांसाठीही कायद्याने स्वतंत्र संस्था स्थापन झाली: कोलोरॅडो नदी जिल्हा. पाणी नेणाऱ्यांची जशी संस्था, तशी पाणी देणाऱ्यांची. तिचे स्वतःचे अभियंते, वकील, कराचे उत्पन्न. नॉर्दर्न वॉटरने पुढे १९८० च्या दशकात विंडी गॅप नावाची दुसरी योजना केली, तेव्हा या संस्थेने टेबलावर बसून पश्चिमेच्या आणखी एका धरणासाठी पैसे घेतले. सुरगाण्याच्या आदिवासी शेतकऱ्याच्या वतीने आज असे कोण बसते? तापी पाटबंधारे महामंडळ आहे, गोदावरी मराठवाडा महामंडळ आहे, कोकण महामंडळही आहे. सगळी १९९६ ते १९९८ च्या दरम्यान स्थापन झालेली आणि सगळ्यांच्या अध्यक्षपदी मंत्री. पाणी देणारा आणि घेणारा यांच्या वतीने एकच माणूस सही करणार असेल तर तो करार कसला?

आता योजनेचे आकारमान. पश्चिमेला ग्रँबी नावाचे मोठे धरण आहे, साठवण साडेतेवीस टीएमसीच्या आसपास, आपल्या मुळा धरणापेक्षा थोडे कमी. तिथून पाणी पंपांनी वर उचलून ग्रँड लेक या नैसर्गिक तलावात आणतात आणि तलावाच्या काठावरून बोगद्यात सोडतात. बोगदा २१ किलोमीटर लांब, व्यास पावणेदहा फूट, क्षमता ५५० क्युसेक (म्हणजे सेकंदाला ५५० घनफूट), आणि वर सगळे राष्ट्रीय उद्यान. पाणी पूर्वेला उतरताना वाटेत वीज तयार होते, आणि मग हॉर्सटूथ, कार्टर लेक अशा धरणांत ते साठते. काम १९३८ ते १९५७ चालले, मध्ये महायुद्धाने खीळ घातली तरी एकोणीस वर्षांत संपले. आमच्या जिल्ह्यातल्या निळवंडे धरणाला १९७० साली मंजुरी मिळाली आणि डाव्या कालव्यात पाणी सोडले २०२३ साली.

एस्टेस पार्क गावाजवळ बोगद्याचे पूर्वेचे तोंड आहे. मुलगी आणि जावई मला तिथे घेऊन गेले. कमान साधी, काँक्रीटची, वर वर्ष कोरलेले. पाणी बाहेर येते ते आवाज न करता, काळसर हिरवे आणि बर्फगार. काठावर उभे राहिलो तर चेहऱ्याला गारवा लागतो. मी नेहमीप्रमाणे पहिल्यांदा मोजपट्टी शोधली. ती होती, आकडे स्वच्छ रंगवलेले, आणि शेजारी छोट्या खोलीत नोंद घेणारे यंत्र. त्या यंत्रातला आकडा घरी बसून कुणालाही संगणकावर पाहता येतो. रात्री मुलीने दाखवला. किती क्युसेक येते आहे, ग्रँबीत किती आहे, हॉर्सटूथची पातळी कालपेक्षा किती उतरली, सगळे तिथे. आमच्या काळी आवर्तनाच्या, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या, दिवसांत शाखा कार्यालयात फोन करून विसर्ग विचारणाऱ्या शेतकऱ्याला कसे उत्तर मिळे ते मी पाहिले आहे. आता आपल्याकडेही धरणांचे आकडे रोज प्रसिद्ध होतात, हे चांगले झाले. पण वितरिकेच्या आणि चारीच्या मुखाचा आकडा शेतकऱ्याला अजून घरबसल्या दिसत नाही, आणि पाणी मुरते ते तिथेच.

नॉर्दर्न वॉटरच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटली ती त्यांची वाटपाची पद्धत. योजनेचे पाणी ३,१०,००० हिश्श्यांत वाटलेले आहे. इथे त्याला युनिट म्हणतात. एका युनिटला पूर्ण मिळाले तर वर्षाला एक एकर-फूट. सगळे मिळून साडेतेरा टीएमसी, म्हणजे भंडारदऱ्याच्या साठ्याहून थोडे जास्त. पण पूर्ण कधीतरीच देतात. पाण्याचे वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते, तेव्हा काही टक्के पाणी खुले करतात. मग एप्रिलमध्ये डोंगरातल्या बर्फाची मोजणी, धरणांतला साठा आणि नद्यांची अपेक्षित आवक पाहून संचालक मंडळ त्या वर्षीचा कोटा ठरवते. सरासरी ७० टक्के. शेतकऱ्याकडे चार युनिटे असोत की शहराकडे चाळीस हजार, टक्का सगळ्यांना तोच.

यातली खरी मेख आपल्याकडच्या पद्धतीच्या उलट आहे. स्थानिक नद्यांना भरपूर पाणी असेल त्या वर्षी कोटा कमी ठेवतात आणि नद्या आटल्या की वाढवतात. बोगद्याचे पाणी हे पूरक पाणी, असे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले होते. २०१२ साली इथे भीषण दुष्काळ पडला तेव्हा कोटा थेट १०० टक्क्यांवर नेला, कारण आदल्या ओल्या वर्षी राखून ठेवलेले पाणी धरणात होते. घरातली पेवे भरलेली ठेवून आधी खळ्यातले धान्य वापरावे, तसा हा हिशेब. आपण चांगल्या पावसाच्या वर्षी धरण भरले की उसाचे क्षेत्र वाढवतो, आवर्तनांची संख्या वाढवतो, आणि पुढच्या वर्षी पाऊस रुसला की एप्रिलमध्ये धरणाच्या तळातला गाळ दिसतो. एकदा वाढलेला ऊस पुन्हा कमी होत नाही. घाटाखालून आणलेले पाणी असेच उसात जिरवायचे असेल, तर त्यासाठी सुरगाण्याची एक गुंठाही जमीन बुडवू नये, असे मी एका साखर कारखान्याच्या सभासद कुटुंबातला माणूस म्हणून सांगतो.

एप्रिलमध्ये पाणीवापरदारांची बैठक असते. मुलीने माझे नाव नोंदवून दिले आणि मी दिवसभर बसलो. पुढच्या रांगांत शेतकरी, त्यांच्यामागे शहरांच्या पाणीपुरवठा खात्यांचे लोक, ग्रामीण नळयोजनांचे लोक, मासेमारी आणि नदीसाठी काम करणारे काही तरुण. आधी बर्फाचे आकडे मांडले, मग साठ्याचे. त्यानंतर ज्याला बोलायचे त्याला बोलू दिले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने उठून सांगितले की मका पेरायचा की नाही हे मला या आठवड्यात ठरवायचे आहे, तुम्ही आकडा लांबवू नका. सभागृहात कुणाचा सत्कार झाला नाही, कुणी भाषण केले नाही. थोड्याच दिवसांत कोटा जाहीर झाला. आपल्याकडे कालवा सल्लागार समिती आहे आणि कायद्याने सगळे नीट बसवलेले आहे. पण बैठक कधी होणार हे शेतकऱ्याला आदल्या दिवशी कळते, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे आवर्तन वाढते. पेरणीच्या आधी, ठरलेल्या तारखेला, एकच टक्का सर्वांना जाहीर करण्याने काही कोटींचा खर्च येत नाही.

इथल्या संचालकांची नेमणूकही पाहण्यासारखी आहे. ते निवडून येत नाहीत आणि मंत्रीही त्यांना नेमत नाही. जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश अर्ज मागवून त्यांना चार वर्षांसाठी नेमतात. नॉर्दर्न वॉटरच्या हद्दीत आठ परगण्यांची, म्हणजे काउंटींची, जमीन येते. दहा लाखांहून जास्त माणसे आणि सहा लाखांहून जास्त एकर बागायत. हद्दीतल्या प्रत्येक घरमालकाकडून मालमत्ता करावर एक छोटा अधिभार घेतात, मग त्याच्याकडे शेत असो वा नसो. योजना करताना लोकांनी यावर मतदानही केले होते आणि ते प्रचंड बहुमताने मंजूर झाले. जिल्ह्याने केंद्र सरकारला परत करायची रक्कम अडीच कोटी डॉलर ठरली होती. प्रत्यक्ष खर्च पुढे सोळा कोटींच्या वर गेला आणि वरचा भार केंद्राने आणि विजेच्या उत्पन्नाने उचलला. म्हणजे इथेही घेणाऱ्यांना पाणी पूर्ण दामाने पडले नाही. पण पैसे त्यांनी दिले, हप्त्याहप्त्याने, पुढची कित्येक वर्षे.

इथले सगळेच अनुकरणीय आहे असे मात्र मी लिहिणार नाही. युनिट विकता येते, ही यातली मोठी खोट. सुरुवातीला ८५ टक्क्यांच्या आसपास युनिटे शेतकऱ्यांकडे होती. आज सुमारे ७० टक्के शहरांकडे आणि उद्योगांकडे आहेत. एका युनिटची किंमत लाखभर डॉलरच्या घरात गेली आहे. इतका भाव आल्यावर म्हातारा शेतकरी काय करणार? तो पाणी विकतो, पोरे शहरात जातात, आणि रानात घरांची वसाहत उभी राहते. शहरे यातले काही पाणी भाड्याने पुन्हा शेतकऱ्यांना देतात म्हणून हिरवे दिसते, पण मालकी गेली ती गेली. आपल्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यातही पाणीहक्क हस्तांतराची तरतूद आहे. दोन एकरवाल्या शेतकऱ्याच्या हातात विकता येणारा पाणीहक्क देणे म्हणजे त्याला पाण्यातून बाहेर काढणे, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी खोट पश्चिमेच्या बाजूला दिसते, आणि ती आपल्याला जास्त लागू पडते. उन्हाळ्यात डोंगरावरचा रस्ता उघडल्यावर आम्ही ग्रँड लेकला गेलो. तलाव सुंदर आहे. पण १९४१ साली, योजनेचे पाणी यायच्या आधी, या तलावात पांढरी तबकडी सोडली तर ती ९ मीटरहून खोलवर दिसत असे, अशी नोंद आहे. खालच्या उथळ धरणांतले पाणी पंपाने वर येऊ लागले आणि ती पारदर्शकता गेली. ती परत मिळवण्यासाठी तिथले लोक आजही झगडत आहेत. त्याहून वाईट म्हणजे ग्रीन माउंटन धरण पुष्कळ खाली, वेगळ्या उपनदीवर आहे. त्यातून भरपाई मिळते ती खालच्या हक्कदारांना. ग्रँबी आणि हॉट सल्फर स्प्रिंग्ज या उगमाजवळच्या गावांसमोरची नदी बारीक झाली ती झालीच. विंडी गॅपच्या जलाशयाने नदीचा प्रवाह तोडला, त्याखालचे मासे आणि त्यांचे खाद्य असलेले किडे कमी झाले. शेवटी तीन कोटी डॉलरहून अधिक खर्चून जलाशयाला वळसा घालणारा नवा प्रवाह काढावा लागला, तो गेल्या दोन-तीन वर्षांत पुरा झाला. इतका काटेकोर कागद असूनही उगमाच्या गावांना चाळीस वर्षे थांबावे लागले. आपल्याकडे तर कागदच नाही.

सुरगाणा आणि पेठ म्हणजे वर्षाला २,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणारे तालुके. तिथल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात, विहिरीच्या तळाशी साचलेले वाटीवाटीने भरतात, आणि टँकरची वाट पाहतात. याच्या बातम्या आणि छायाचित्रे दर उन्हाळ्यात आपणही छापता. त्या पाड्यांच्या शेजारून उद्या धरणाची भिंत उठेल आणि पाणी बोगद्याने चणकापूरकडे, गिरणेकडे, जळगावकडे जाईल. मला जळगाव आणि मराठवाड्याची तहान कळते. जायकवाडीच्या फुगवट्याच्या अलीकडे आमचे शेत आहे. समन्यायी वाटपासाठी ऑक्टोबरमधल्या जायकवाडीच्या ६५ टक्के साठ्याचा निकष, वरच्या धरणांतून नदीत सोडलेले पाणी, त्यावरची आंदोलने आणि उच्च न्यायालयातली प्रकरणे, हे सगळे मी दोन्ही काठांवरून पाहिले आहे. पाणी आणावे याच मताचा मी आहे. पण नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हे भांडण आज इतके चिघळले ते धरणे आधी बांधली आणि वाटपाचे नियम तीस-चाळीस वर्षांनी लिहायला घेतले म्हणून. तीच गोष्ट घाटाखालच्या लोकांच्या बाबतीत पुन्हा करायची का?

गुजरातमध्ये पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाला डांग-वलसाडच्या आदिवासींनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि २०२२ साली तिथल्या सरकारला तो प्रकल्प मागे घेत असल्याचे जाहीर करावे लागले. महाराष्ट्राने ती वेळ येऊ देऊ नये.

माझी मागणी जलसंपदा खात्याकडे आहे आणि ती अवघड नाही. नार-पार-गिरणेच्या बोगद्याचे पहिले सुरुंग उडण्याआधी सुरगाणा-पेठच्या पाड्यांसाठी, त्याच खोऱ्यात, उगमाच्याच बाजूला, किती दलघमी (दशलक्ष घनमीटर) साठवण कायमची राखीव राहणार हे लेखी जाहीर करावे. ती धरणे आणि त्यांवरच्या नळयोजना आधी पूर्ण कराव्यात. पाड्यावरच्या नळाला मे महिन्यात पाणी आल्याशिवाय पंपांची कळ दाबू नये. उन्हाळ्यात नदीत किती प्रवाह सोडायचाच, हे त्याच कागदात असावे. तो कागद विधिमंडळाने कायदा म्हणून मंजूर करावा, म्हणजे पुढचे सरकार आले तरी तो बदलायला कायदा करावा लागेल. आणि देणाऱ्या तालुक्यांची स्वतंत्र वैधानिक संस्था असावी, जिच्या अध्यक्षपदी मंत्री नसेल, जिला घेणाऱ्या लाभक्षेत्राच्या पाणीपट्टीतून दरवर्षी ठरलेला वाटा मिळेल, आणि जी आपला वकील आपण नेमू शकेल.

खात्यातले माझे जुने सहकारी म्हणतील की यात योजना पाच वर्षे लांबेल. कोलोरॅडोत ग्रीन माउंटन आधी बांधल्याने योजना लांबली नाही. त्या काळात बोगद्याचे काम दोन्ही तोंडांकडून चालूच होते. आपल्याकडे योजना लांबतात त्या भूसंपादनाच्या दाव्यांनी, पुनर्वसनाच्या आंदोलनांनी आणि सुधारित प्रशासकीय मान्यतांच्या फायलींनी. देणारा आधीच समाधानी असला तर यातली निम्मी कारणे उरत नाहीत.

चार्ल्स हॅन्सन यांनी आपल्या वृत्तपत्राची ताकद घेणाऱ्यांच्या बाजूने लावली. आपल्याकडे घेणाऱ्यांची बाजू मांडायला आमदार, कारखाने आणि महामंडळे पुरेशी आहेत. आपण आपला वार्ताहर यंदाच्या मे महिन्यात सुरगाण्याला पाठवावा, आणि त्याने नियोजित बुडीत क्षेत्रातल्या प्रत्येक गावात विचारावे की तुम्हाला काय मिळणार हे कुणी लेखी सांगितले आहे का. मिळालेली उत्तरे गावाच्या नावासह छापावीत. सिनेट दस्तऐवज ८० मधले पश्चिमेच्या संरक्षणाचे कलम मी मराठीत उतरवायला घेतले आहे. जागा द्याल तर तेही पाठवीन.

आपला,
एक सेवानिवृत्त कालवा निरीक्षक
ता. नेवासे, जि. अहिल्यानगर
(सध्या मुक्काम फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो)